एस्टिमेटच्या कागदावर लावलेला जीएसटी

सांगलीच्या कुपवाडमधल्या एका घरमालकाला ठेकेदाराने १,०८,००० रुपयांना चुना लावला, तोही सरकारच्या नावावर. काम लेबर रेटचं. सिमेंट, सळई, वाळू, वीट सगळं मालकाचं. ठेकेदाराची फक्त माणसं. १,५०० चौरस फूट, दर ४०० रुपये, म्हणजे ६ लाख. शेवटच्या हप्त्याला कागद आला त्यात ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा वाटा) वर चढवलेला.

मुळात एकट्या घराचं नवं बांधकाम नुसत्या मजुरीच्या ठेक्यावर असेल तर त्याला जीएसटी माफ आहे. मटेरियलसह ठेका असेल तर मात्र १८ टक्के लागतो, आणि दुरुस्तीच्या मजुरीलाही ही माफी नाही.

आता तो कागद. डोक्यावर ठळक ‘एस्टिमेट’. बिल क्रमांक नाही, सही नाही. जीएसटी नंबर होता, पण सुरुवात २९ने. महाराष्ट्राचा २७, २९ कर्नाटकचा. सीमा जवळ असल्याने तिकडचा ठेकेदार सांगलीत काम घेतो, त्यात गैर काही नाही. पण मग बिलात आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लागतो, सीजीएसटी-एसजीएसटी नव्हे. हा नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला तर नाव भलत्याचंच, नोंदणी रद्द झालेली. हे तपासायला लॉगिनही लागत नाही. कंपोझिशनवाला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणारा, ठेकेदार असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, हेही बरेच जण विसरतात.

करारपत्र नव्हतंच; वहीत फक्त दर आणि ‘जीएसटी वेगळा’. तोंडी ठेका कायद्याने बाद ठरत नाही, पण वाद झाला की सिद्ध कसा करणार? ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर तीन गोष्टी तरी लिहून घ्याव्यात. दर करासह की करावेगळा. हप्ता कोणत्या टप्प्याला: प्लिंथ, स्लॅब, वीटकाम, गिलावा. आणि मोजमाप कसं धरायचं, कारण बाल्कनी, जिना, सज्जा पूर्ण धरले की चौरस फूट आपोआप फुगतात. पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत, अ‍ॅडव्हान्सची पावती त्याच दिवशी घ्यावी.

पैसे गेलेच असतील तर जीएसटी कार्यालयात कागदाच्या प्रतीसह लेखी तक्रार करावी. परताव्यासाठी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं.