‘पंधरा दिवसांची व्यालेली’ म्हणून गळ्यात मारलेली सात महिन्यांपूर्वी व्यालेली गाय

आठवडी बाजारात होल्स्टिन संकरित गायींच्या व्यवहारात ही फसवणूक नेहमीची आहे. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं: दुसरं वेत (दुसऱ्यांदा व्यालेली), व्यायला पंधरा दिवस झाले, दोन्ही वेळचं मिळून 18 लिटर. सकाळी दहाला समोर धार काढतात, 9 लिटर भरतं, सौदा ठरतो. घरी मात्र दिवसाला 10 लिटरच, आणि महिन्याभरात तेही 9 वर.

बादलीतलं दूध खरंच असतं, पण ते वीस तासांचं. आदल्या दुपारनंतर धारच काढलेली नसते, कास तुंबवून ठेवलेली असते. म्हणून पहिली धार हिशेबात धरू नका. संध्याकाळी कास पूर्ण रिकामी करून घ्या, पुढच्या सकाळ-संध्याकाळच्या धारा मोजा, त्याही फेसासकट लिटरवर नको, वजनावर.

ताजी व्यालेली गाय सहा ते आठ आठवडे दुधाला चढते. नंतर दूध महिन्याला साधारण 8 ते 10 टक्के उतरतं. पंधराव्या दिवशी घेतलेली गाय धड खाऊनही आठवड्यागणिक उतरत असेल, तर तारीख खोटी. पहिलारूचं, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या गायीचं, शिखर कमी असतं, पण ती दूध जास्त टिकवते.

शेजारी बांधलेलं वासरू पुरावा नाही, ते कोणाचंही असतं. दात बघा: दुसऱ्या वेताची गाय बहुधा सहा दाती (सहा पक्के दात आलेली), आठही दात जुळून झिजलेले असतील तर चौथं-पाचवं वेत धरा. दुधाला ते वाईट नव्हे, उलट तिसऱ्या ते पाचव्या वेतातच गाय भरात असते. पण पुढची वेतं मोजकी, त्यामुळे किंमत दुसऱ्या वेताची कशाला द्यायची?

खरी पकड पशुवैद्यकाच्या गाभण तपासणीत आहे. पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली गाय चार महिन्यांची गाभण निघूच शकत नाही. तशी निघाली तर सातव्या महिन्यात आटवावी लागेल, म्हणजे हातात तीनच महिन्यांचं दूध. सात महिने दुधात राहूनही रिकामी असेल तर ती उलटणारी, म्हणजे वारंवार भरवूनही गाभण न राहणारी, असण्याची शक्यता मोठी. विकायला काढण्याचं कारणही बहुतेकदा हेच.

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. त्यावरचा 12 अंकी क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन रेतन आणि विण्याची नोंद आहे का ते विचारा. पावतीवर तो क्रमांक, वेत आणि व्यायल्याची तारीख लिहून घ्या.