हॅसच्या नावाने घेतलेल्या चोवीस काड्या

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी ॲव्होकॅडोच्या हॅस जातीच्या म्हणून चोवीस कलमकाड्या विकत घेतल्या आणि त्या हॅसच्या नाहीत, हे मला मार्च २०२३ मध्ये समजले. मधली चार वर्षे मी त्या झाडांना पाणी घातले, उन्हाळ्यात त्यांच्यावर सावली धरली आणि पावसाळ्यात त्यांच्या बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून चर खणले. काड्यांची किंमत कुरियरसह साडेअकरा हजार रुपये होती आणि ती रक्कम मी कधीतरी विसरून जाईन. मात्र साठीनंतरच्या माणसाला चार वर्षे पुन्हा कुठून आणायची, हे मला अजून उमगलेले नाही. घराच्या आवारात बियांपासून खुंट, म्हणजे ज्यांवर हव्या जातीची काडी बांधतात ती रोपे, वाढवून त्यांवर कलम बांधू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावे, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

वाईजवळच्या आमच्या जुन्या घरामागे अर्धा एकर जमीन आहे. निवृत्तीनंतर तेथे ॲव्होकॅडो लावावा असे मनात आले आणि तयार कलमे महाग वाटल्याने खुंट स्वतःच तयार करायचे ठरवले. पहिली फसवणूक तेथेच झाली. ती लहान असल्याने मी तिच्यातून काहीच शिकले नाही. थंडी आणि मूळकूज सहन करणाऱ्या मेक्सिकन खुंटाच्या बिया अशी जाहिरात पाहून मी सहाशे रुपयांना वीस बिया मागवल्या. त्या कागदी पाकिटात आल्या. हातात घेऊन हलवल्यावर बी आपल्या सालीत खुळखुळत होते. ॲव्होकॅडोचे बी गहू-ज्वारीसारखे वाळवून ठेवता येत नाही. ते सुकले की मरते, म्हणून फळातून काढल्यावर ते ओलसर ठेवून शक्य तितक्या लवकर लावावे लागते. वीसपैकी एकही बी रुजले नाही. शिवाय ती जाहिरातही मुळात दिशाभूल करणारी होती, कारण मूळकूज बऱ्यापैकी सहन करणारे ड्यूक ७ किंवा डूसा यांसारखे नावाजलेले खुंट बियांपासून वाढवत नाहीत. त्यांचे गुण बियांतून खात्रीने उतरत नसल्याने ते शाखीय पद्धतीने, म्हणजे त्याच झाडाच्या फांदीला मुळे फोडून तयार करावे लागतात.

त्यानंतर जुलै २०१८ मध्ये पुण्यातल्या एका रसवाल्याने बटर फ्रूटच्या, म्हणजे ॲव्होकॅडोच्याच, ताज्या बियांची पिशवी मला फुकट दिली. त्या कर्नाटकातून आलेल्या फळांच्या होत्या. मी त्या धुतल्या, पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात तापमापक धरून अर्धा तास ठेवल्या, जेणेकरून मूळकुजीची बुरशी सालीबरोबर रोपांच्या मातीत जाऊ नये, आणि मग गार करून, वरची तपकिरी साल काढून, रुंद बाजू खाली ठेवून पोयटा, वाळू व शेणखताच्या मिश्रणात लावल्या. दीड महिन्यात बिया दुभंगून कोंब वर आले. जानेवारीपर्यंत माझ्याकडे पेन्सिलीएवढ्या जाडीचे एकतीस खुंट उभे होते. या कामात मला मिळालेला आनंद खरा होता आणि त्या खुंटांमध्ये आजही काही दोष नाही, हे मुद्दाम नोंदवते. खुंट स्वतः वाढवणे हा शहाणपणाचाच मार्ग आहे. धोका त्याच्या पुढच्या पायरीवर आहे, कारण खुंट तयार झाला की माणूस काडीसाठी अधीर होतो आणि अधीर गिऱ्हाईक विक्रेत्याला बरोबर ओळखू येते.

काडीचा विक्रेता मला फोनवरच भेटला. तो दुसऱ्या जिल्ह्यातला होता, बोलणे अत्यंत आदबशीर, प्रत्येक वाक्यात ‘मॅडम’. त्याने मला एक गोष्ट सांगितली आणि ती संपूर्ण खरी होती. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हॅस नावाच्या टपाल खात्यातील कर्मचाऱ्याने १९२६ मध्ये बियांपासून काही रोपे लावली, ती खुंट म्हणून वापरून त्यांवर फ्युएर्ते जातीचे कलम करायचा त्याचा बेत होता, एका रोपावर कलम वारंवार फसले म्हणून ते तसेच वाढू दिले आणि त्यालाच पुढे काळ्या सालीची ती उत्तम फळे लागली. १९३५ मध्ये त्या झाडाचे पेटंट घेतले गेले. आज जगात जेवढी हॅसची झाडे आहेत, ती त्या एका झाडाची कलमे किंवा कलमांची कलमे आहेत. २००२ मध्ये मूळकुजीने ते मूळ झाड गेले. “म्हणूनच मॅडम, बी लावून हॅस मिळत नाही, काडीच लागते,” असे तो म्हणाला. यातला शब्दन्‌शब्द बरोबर असल्यामुळे मी पुढचेही सगळे बरोबर मानले. ज्याला एवढे ज्ञान आहे तो खोटी काडी कशाला विकेल, असा विचार मी केला. फसवणारा माणूस अडाणी असतो हा माझा समज होता आणि तोच मला सर्वांत महाग पडला.

काडी परदेशी मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांवरून काड्या कापतात त्या मूळ झाडांची आहे, हे दाखवण्यासाठी त्याने एका प्रमाणपत्राचे छायाचित्र पाठवले. त्यावर शिक्के होते, सही होती, ॲव्होकॅडो हा शब्द होता. ते मी चार वर्षांनी पुन्हा नीट वाचले. ते एका आफ्रिकी देशातून आलेल्या खाण्याच्या ताज्या फळांच्या खेपेचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र होते. त्यात काड्यांचा किंवा रोपांचा उल्लेखसुद्धा नव्हता. परदेशातून लागवडीचे साहित्य आणायचे असेल, तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयातीचा परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचे त्या साहित्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते येथे आल्यावर ठरावीक काळ वेगळे ठेवून तपासले जाते. ही कागदपत्रे मागण्याचा अधिकार मला होता आणि मी मागितली नाहीत.

काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत, तीन दिवसांत पोचल्या. त्या ताज्या होत्या. सालीला नखाने खरवडल्यावर खालचा थर हिरवागार दिसला आणि माझी सगळी शंका मिटली. कलम बांधायला मी आमच्या शेजारच्या आबांना बोलावले होते. त्यांनी उभे आयुष्य आंब्याची कलमे बांधण्यात घालवले आहे. त्यांनी काड्या ओसरीवर मांडल्या, बराच वेळ त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, “ताई, या एका झाडाच्या दिसत नाहीत.” काहींची शेंड्याची कळी टपोरी होती, काहींची बारीक आणि लवदार. काहींवर पांढुरके ठिपके होते, काहींची साल गुळगुळीत. मी त्यांना उत्तर दिले, “आबा, ही जात परदेशी आहे, आंब्यासारखी नसेल.” ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी खुंट वीतभर उंचीवर छाटून मधोमध चिरले, काड्यांना पाचरेचा आकार देऊन बसवल्या, एका बाजूची तरी साल सालीला भिडवली, पट्टी गुंडाळली आणि वर प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या. चोवीसपैकी सतरा कलमे लागली. अनुभवी माणसाचे ते वाक्य मी झिडकारले, याचे दुःख मला पैशांहून अधिक आहे आणि मी ते आबांना सांगितलेही आहे.

दुसरा इशारा जूनमध्ये मिळाला. कलमांना आलेली नवी पालवी काहींवर तांबूस, तर काहींवर फिकट हिरवी होती. पाने चुरगाळल्यावर पाच रोपांच्या पानांना बडीशेपेचा स्पष्ट वास आला, बाकीच्यांना अजिबात नाही. हा वास मेक्सिकन वंशाच्या झाडांची ओळख आहे. ही फूट कदाचित सांध्याखालून, म्हणजे खुंटातून आली असेल, असे समजून मी सांधे तपासले. फूट सांध्याच्या वर, काडीवरच होती. एका मातृवृक्षाच्या सर्व काड्या म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या असतात, त्यामुळे त्यांच्या पानांचा वास दोन प्रकारचा असूच शकत नाही. त्याच दिवशी मी विक्रेत्याला जाब विचारायला हवा होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला की, “लहानपणी पानात फरक असतो मॅडम, झाड मोठे झाले की सारखे होते.” मला ते पटले, कारण मला ते पटवून घ्यायचे होते.

बारा रोपे २०२० च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत गेली. २०२३ च्या फेब्रुवारीअखेर त्यांतील नऊ झाडांवर पहिला मोहोर आला आणि त्याने उरलेले सगळे सांगितले. ॲव्होकॅडोचे प्रत्येक फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून आणि एकदा नर म्हणून. ज्यांना अ प्रकारची झाडे म्हणतात त्यांचे फूल सकाळी मादी अवस्थेत उमलते, दुपारपर्यंत मिटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन पुन्हा उमलते. ब प्रकारात हे उलट असते, मादी फूल दुपारी आणि नर फूल दुसऱ्या दिवशी सकाळी. हॅस ही अ प्रकारची जात आहे. थंडीत या वेळा पुढेमागे होतात, म्हणून मी ऊन तापू लागण्याची वाट पाहिली आणि मार्चमध्ये सलग बारा दिवस सकाळी नऊ वाजता व दुपारी तीन वाजता भिंग घेऊन प्रत्येक झाडाखाली उभी राहिले. नऊपैकी पाच झाडांवर सकाळी पुंकेसर ताठ उभे असलेली, परागकण सांडणारी फुले होती. ती ब प्रकारची होती आणि म्हणून ती हॅस असणे शक्यच नव्हते. उरलेल्या चार झाडांपैकी तिघांना त्या वर्षी फळे धरली. एकाची फळे लांब मानेची होती, दुसऱ्याची गोल, तिसऱ्याची मध्यम, आणि तिन्हींची पातळ गुळगुळीत साल पिकल्यावरही हिरवीच राहिली. हॅसची साल जाड व खरखरीत असते आणि पिकताना काळपट जांभळी होते. माझ्या अंदाजाने कॉफीच्या एखाद्या मळ्यातील बियांपासून वाढलेल्या सावलीच्या झाडांच्या फांद्या कापून मला पाठवल्या गेल्या.

विक्रेत्याचा क्रमांक तोपर्यंत बंद झाला होता. माझ्याजवळ पावती नव्हती, होती ती फक्त यूपीआयची नोंद, आणि तिच्यात जातीचे नाव कुठेही नव्हते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि बियाण्यांच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. परंतु मी काय विकत घेतले होते, हेच मला कागदावर सिद्ध करता येत नव्हते. म्हणून काडी घेताना विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, जातीचे नाव, मातृवृक्ष कोठे आहे आणि किती काड्या दिल्या, हे सारे लिहिलेली सहीची पावती घ्यावी. आपल्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांना १९६९ च्या कायद्याने परवाना बंधनकारक आहे, तो क्रमांकही पावतीवर असावा. पावती देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काडी घेऊ नये, मग तो कितीही जाणकार असो. पैसे देऊन काहीच आले नाही असा प्रकार असेल, तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर त्याच दिवशी कळवावे, उशीर झाला की रक्कम पुढे निघून जाते.

काड्या हातात आल्यावर त्या सगळ्या शेजारी शेजारी मांडून आबांनी पाहिल्या तशा पाहाव्यात आणि प्रत्येक गठ्ठ्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. शक्य असल्यास झाड फळांनी लदलेले असताना स्वतः जाऊन पाहावे, त्याला खूण करावी आणि काडी त्याच झाडाची घ्यावी. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात चेट्टळ्ळी येथे भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे केंद्र ॲव्होकॅडोवर काम करते आणि तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तडियनकुडिसै येथून टीकेडी १ ही जात दिली आहे. परदेशी नावाच्या मोहाने मी त्या दिशेला पाहिलेच नव्हते. या खेपेस मात्र मी कोडगूला गेले, फळे चाखली आणि ज्या झाडाची काडी घेतली त्याच्या बुंध्याला हात लावून आले. गेल्या फेब्रुवारीत आबांच्या पुतण्याने माझी सात झाडे कमरेएवढ्या उंचीवर छाटून त्यांवर नव्या काड्या बांधल्या. जुनी मुळे खाली तशीच असल्याने फूट जोमाने येत आहे.

दोन झाडे मी छाटली नाहीत. ती ब प्रकारची आहेत, त्यांच्यामुळे शेजारच्या अ प्रकारच्या झाडांना पराग मिळेल. त्यांच्या पाटीवरचे ‘हॅस’ मी खरवडून काढले आणि तेथे ‘नाव माहीत नाही, कलम फेब्रुवारी २०१९’ असे रंगवले आहे.