राहते घर मुलांच्या नावे: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणे चालवताना ज्येष्ठ मंडळींकडून मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे की, राहता फ्लॅट हयातीतच बक्षीसपत्राने मुलाला देऊन टाकावा की मृत्युपत्र करून ठेवावे. माझ्या वडिलांनी पहिला मार्ग निवडला होता. मी माझ्या घरासाठी दुसरा निवडला आहे.

बक्षीसपत्राचे आकर्षण समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रात निवासी मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभाराची चौकशी मात्र दुय्यम निबंधक कार्यालयात वेगळी करावी. (भाऊ आणि बहीण या सवलतीत बसत नाहीत, हे अनेकांना दस्त तयार झाल्यावर कळते.) दोन साक्षीदारांसमोर सही झाली, मुलाने बक्षीस स्वीकारले आणि दस्ताची नोंदणी झाली की मालकी बदलते, आणि वडिलांच्या मागे वारसाला सहसा कोणापुढे काही सिद्ध करत बसावे लागत नाही. मृत्युपत्राची खरी लंगडी बाजू नेमकी हीच आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. पण वाद उभा राहिला तर दोनपैकी किमान एका साक्षीदाराला, तो हयात असेल तर, न्यायालयात आणावे लागते, आणि केवळ नोंदणी झाली आहे म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध झाले असे होत नाही.

एवढ्यावरून पारडे बक्षीसपत्राकडे झुकायला हवे होते. माझ्या बाबतीत ते झुकले नाही, कारण वडिलांनी फ्लॅट माझ्या नावे केल्यानंतरची वर्षे मी जवळून पाहिली. आमच्यात कधी वाद झाला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तरीही सोसायटीची सभेची सूचना माझ्या नावे येऊ लागली आणि ज्या सभांना ते वर्षानुवर्षे जात होते, तेथे त्यांना मत राहिले नाही. एक खोली भाड्याने द्यायची झाली तरी करारावर सही माझी लागे, आणि मी परगावी असलो की ते माझी वाट पाहत. ते तक्रार करत नसत. फक्त प्रत्येक वेळी ‘तुला वेळ असेल तेव्हा’ असे म्हणत. स्वतःच्या कमाईच्या घरात माणसाला असे म्हणावे लागणे मला फार लागले, आणि माझा निर्णय खऱ्या अर्थाने त्यानेच केला.

बक्षीसपत्रात आजीवन राहण्याचा हक्क राखून ठेवता येतो, आणि ज्यांना हाच मार्ग घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर राखावा. मुलाने सांभाळ केला नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली हस्तांतरण रद्द करून मागता येते. मात्र सांभाळाच्या अटीवर हस्तांतरण झाले होते हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले; २०२५ च्या आरंभी त्याच न्यायालयाने हा कायदा उदारपणे वाचला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकते असे म्हटले. दिलासा आहे, पण तो पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करून मिळवायचा आहे.

आणखी एक शक्यता कोणी मनात आणू इच्छित नाही, म्हणून ती मलाच सांगावी लागते. बक्षीस दिल्यावर मुलगा आधी गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते घर त्याची पत्नी, मुले आणि आई यांच्याकडे जाते. वडील पहिल्या वर्गातील वारस नाहीत. मुलाचे कर्ज थकून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला, तर जप्तीची टांगती तलवारही त्याच घरावर येऊ शकते.

काही घरांत मात्र मी स्वतःच बक्षीसपत्र सुचवतो. अविवाहित मुलगी आईवडिलांची सेवा करत त्याच घरात राहते आहे आणि भाऊ हक्क सांगणार हे स्पष्ट आहे, अशा वेळी वडील हयात असताना, त्यांच्याच तोंडून हेतू नोंदला गेलेला बरा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील अविभक्त हिश्शाबाबत गोष्ट उलट आहे: इतर सहदायादांच्या, म्हणजे त्या मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या वाटेकऱ्यांच्या, संमतीशिवाय त्याचे बक्षीस टिकत नाही, मृत्युपत्र मात्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० मुळे करता येते.

मृत्युपत्र करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान, सहज सापडणारे आणि मिळकतीत काही न मिळणारे निवडावेत, आणि शक्य असल्यास त्यांपैकी एक आपले नेहमीचे डॉक्टर असावेत. नोंदणीही करून घ्यावी. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल आपल्या हयातीत निबंधक कार्यालयातून दुसऱ्या कोणाला परस्पर मिळत नाही, आणि उद्या मन बदलले तर नवे मृत्युपत्र करण्यासाठी मुलाची परवानगी लागत नाही.