भाड्याचं घर: नोटरीचा कागद की रजिस्टर करार?

‘अकराच महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरते,’ असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्तीच्या नोंदणीतून सवलत आहे, पण ती १९०८ च्या नोंदणी कायद्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ मुदत बघतच नाही. लिव्ह अँड लायसन्स करार (ठराविक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा, नेहमी होतो तो भाडेकरार) लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. ती जबाबदारी घरमालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वाद झालाच तर नोटरीच्या कागदाचा फटका आधी मालकालाच बसतो. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि दुप्पट भाडं मागता येतं. तेव्हाही रजिस्टर करार असला की काम सोपं होतं. मग भाडेकरूने तरी कशाला आग्रह धरायचा? पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा असेल तर तो रजिस्टरच लागतो. शिवाय डिपॉझिटची रक्कम सरकारी नोंदीत येते.

खर्चाचा बाऊ उगाच केला जातो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते मुदतीतलं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागतं. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,००० आणि मुदत ११ महिने असेल तर २,२०,००० अधिक ५,५००. शुल्क निघतं ५६४ रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. एजंटचं सर्व्हिस चार्ज वेगळं, ते आधी ठरवून घ्या.

ई-रजिस्ट्रेशन घरबसल्या होतं. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो, साक्षीदारांचाही. आधार नसलेल्या परदेशस्थ मालकाला दुय्यम निबंधक कार्यालय गाठावं लागतं किंवा कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) द्यावं लागतं. ते पत्र स्वतः वाचा: भाड्याने देण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला हवा.

अंगठा देण्याआधी मसुदा नीट वाचा. फ्लॅट नंबर किंवा नावाचं स्पेलिंग चुकलं तर पुढे चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. मालकाचं नाव त्याच्या इंडेक्स टूशी (घराच्या नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि वीजबिलाशी जुळवा. लॉक-इन (करार मध्येच सोडता येत नाही तो काळ) फक्त भाडेकरूवर आहे की मालकावरही, हे बघा. एकतर्फी असेल तर बदलून मागा. डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं आणि रंगकामाचे किती कापायचे, हे आकड्यात लिहून घ्या. ‘वाजवी कपात’ असं मोघम ठेवलंत की भांडण ठरलेलं. ताबा घेताना मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.