गुडघ्यातली बदललेली गादी: वर्षभर वापरल्यानंतर

मिक्सरचा किंवा मोबाइलचा अनुभव लिहितात तसा गुडघ्याच्या भागाचा अनुभव लिहायचा म्हणजे जरा विचित्रच. पण मेनिस्कस ट्रान्सप्लांट (म्हणजे गुडघ्यातल्या गेलेल्या गादीच्या जागी मृत दात्याची गादी बसवणं) करून घेतलेलं मराठी माणूस मला शोधूनही सापडलं नव्हतं, आणि टेबलावर झोपण्याआधी मला नेमकं हेच वाचायचं होतं. निकाल आधीच सांगून टाकतो. दुखणं गेलं, खेळ परत आला नाही, तरीही वेळ आली तर मी हे पुन्हा करून घेईन.

माझा उजवा गुडघा, बाहेरच्या बाजूची गादी. कॉलेजात कबड्डी खेळताना ती फाटली आणि भारतातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून जवळजवळ सगळी काढून टाकली. पुढच्याच हंगामात मी मैदानात होतो. खरी फसगत इथेच होते, कारण गादी काढलेला गुडघा पहिली काही वर्षं अगदी शहाण्यासारखा वागतो. तिशी ओलांडल्यावर, न्यू जर्सीत आल्यावर, संध्याकाळी गुडघा सुजायला लागला. जिना उतरताना बाहेरच्या बाजूला कळ यायची. घरच्या कार्यक्रमात तासभर उभं राहिलं की रात्री झोप नाही.

कारण साधं आहे. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा जवळपास अर्धा भार या गाद्या उचलतात, गुडघा वाकवला की त्याहून बराच जास्त. बाहेरच्या बाजूला तर मांडीचं हाड आणि नडगीचं हाड दोन्हीकडून फुगीर. मधली गादी गेली की दोघांचा संबंध एका टिचभर जागेपुरता उरतो आणि सगळं वजन तिथेच पडतं. गादी काढल्यावर एक्स-रेमध्ये दिसणारे बदल फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जनने 1948 सालीच लिहून ठेवले होते. तरी पुढची कित्येक दशकं गाद्या काढल्याच जात राहिल्या.

अमेरिकेत तर या कापाकापीचा मोठा उद्योगच होता. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय लेखांत वर्षाला सुमारे 7 लाख शस्त्रक्रिया हा आकडा सर्रास दिसतो. 2013 साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी 146 रुग्णांवर केलेला प्रयोग छापून आला. झिजून फाटलेल्या गादीच्या निम्म्या रुग्णांची गादी छाटली, उरलेल्यांवर नुसतं शस्त्रक्रियेचं नाटक केलं. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच. तेव्हापासून इथला वारा हळूहळू फिरला आहे. छाटणं कमी होतंय, टाके घालून वाचवणं वाढतंय. ट्रान्सप्लांट मात्र या सगळ्याच्या कोपऱ्यात आहे. बहुतेक हाडांच्या डॉक्टरांनी ते कधी केलेलंच नसतं. मोजक्या मोठ्या केंद्रांतले मोजके सर्जन ते करतात. म्हणून पहिल्याच भेटीत एकच प्रश्न विचारा: तुम्ही वर्षाला अशी किती करता? जो उत्तर देताना घुटमळेल, त्याच्याकडून दुसऱ्या डॉक्टरांचं नाव घ्या आणि निघा.

पात्रतेची चाळणीही बारीक आहे. वय साधारण पन्नाशीच्या आत, गादी आधीच गेलेली, गुडघा स्थिर, पाय सरळ रेषेत, आणि हाडावरचं कूर्चेचं अस्तर अजून शाबूत. म्हणजे दुखणं भरपूर हवं, पण झीज फार नको. या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीत मी बसलो. इन्शुरन्सने तरी पहिल्यांदा नाकारलंच. दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेला 2005 पासून स्वतःचा बिलिंग कोड आहे, 29868, पण कंपनीच्या लेखी ती ‘आवश्यक’ नव्हती. शेवटी सर्जनने त्यांच्या डॉक्टरशी फोनवर वाद घातला तेव्हा कागद हलला. (दाता नको असेल तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा तयार तुकडा असतो, असं कुणी सांगेल. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, त्याला 2008 च्या शेवटी परवानगी दिली, नंतर स्वतःच ती मागे घेतली, आणि 2014 मध्ये कोर्टाने ती माघार बेकायदा ठरवली.)

मग गादीची वाट. एक्स-रेवरून नडगीच्या हाडाची लांबी-रुंदी मोजतात आणि त्यावरून माप काढतात. टिश्यू बँकेत उजवी, बाहेरची, त्याच मापाची गादी मिळेपर्यंत थांबायचं. ती उणे 80 अंशांवर गोठवलेली असते. नातेवाइकांचा हमखास प्रश्न असतो, दुसऱ्याचा अवयव म्हणजे जन्मभर गोळ्या? नाही. गोठवल्यावर त्यात जिवंत पेशी जवळपास उरत नाहीत, उरतो तो सांगाडा, आणि पुढे आपल्याच पेशी त्यात वस्तीला येतात. रक्तगटसुद्धा कुणी जुळवला नाही. दात्याची एचआयव्ही, कावीळ वगैरेची तपासणी झालेली असते. धोका शून्य नाही, पण फार कमी.

शस्त्रक्रिया झाली त्याच दिवशी घरी. बाहेरच्या गादीची दोन टोकं जवळजवळ असतात, म्हणून ती हाडाच्या एका पट्टीसकट येते. नडगीच्या हाडात खाच पाडून पट्टी तिथे बसवतात आणि कडेने टाके घालतात.

त्यानंतरचे दीड महिने मात्र कुणी गोड करून सांगू नयेत. कुबड्या, मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस, पाय पूर्ण टेकायचा नाही, गुडघा नव्वद अंशांपुढे वाकवायचा नाही. आणि पाय उजवा, म्हणजे गाडी बंद. न्यू जर्सीच्या उपनगरात गाडी बंद म्हणजे माणूस बंद. दुधापासून फिजिओपर्यंत सगळं बायकोच्या वेळापत्रकावर. बर्फाचं पाणी फिरवणारं मशीन भाड्याने घ्या, त्यात काटकसर नको. मांडीचा स्नायू डोळ्यांदेखत सुकतो, आणि तो परत आणायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त काळ लागतो. इन्शुरन्सच्या फिजिओच्या भेटी त्याआधीच संपतात. तो खर्च सुरुवातीलाच बाजूला काढा.

चौथ्या महिन्याच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं की जिना उतरताना मी कठडा धरलेला नाही. आता संध्याकाळची सूज नाही. दिवसभर उभं राहिलं तर गुडघा थकतो, पण दुखत नाही. सायकल, पोहणं, डोंगरातली चाल चालू आहे. धावायला परवानगी मिळालीय, तीही सर्जनने नाक मुरडतच दिली. कबड्डी, बॅडमिंटन विसरायचं. एमआरआयमध्ये गादी थोडी बाहेर सरकलेली दिसते; असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे, त्रास नाही तोवर कुणी हात लावत नाही.

एक तक्रार राहिली. दर तपासणीला प्रश्नावली भरावी लागते: जिना चढता येतो का, उकिडवं बसता येतं का, गुडघे टेकता येतात का. मांडी घालण्याचं नावच नाही. फिजिओला जमिनीवर बसून दाखवलं तेव्हा त्याने आधी ‘असं बसायचं कशाला?’ असंच विचारलं. आईचा फोनवरचा पहिला प्रश्न मात्र तोच होता, ‘अरे, पूजेला बसता येईल ना?’ येतं, पाचेक मिनिटं, मग पाय लांब करावा लागतो. सत्यनारायण पाटावर नाही, स्टुलावर बसून होईल.

टिकेल किती? वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर दहा वर्षांनंतर दहातल्या साधारण सात गाद्या जागेवर असतात. मधल्या काळात पुन्हा दुर्बीण घालायची वेळ बऱ्याच जणांवर येते. कृत्रिम सांधा जेवढा पुढे ढकलता येईल तेवढा फायदा, या हिशेबाने मी गेलो. साठीतल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

भारतात होतं का, असं बरेच जण विचारतात. कायद्याची आडकाठी नाही. 1994 च्या अवयवदान कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या. अडचण आहे ती मापाची गादी मिळण्याची. म्हणून तिकडे मी एवढंच सांगतो की गादी ताजी फाटली असेल, वय कमी असेल, तर कापण्याआधी टाके बसतात का ते विचारा. कडेच्या भागात रक्तपुरवठा असतो, तिथे टाके धरतात.

सांगलीच्या भाच्याची गादी यंदा फाटली तेव्हा मी फोनवरून हेच लावून धरलं, आणि त्याला टाके घातले गेले. कापली असती तर महिना-दीड महिन्यात मैदानात असता, आता अख्खा हंगाम बाहेर बसायचं. त्यामुळे सध्या तो मामाशी बोलत नाही.