अ‍ॅडापलीन जेल रिव्ह्यू: तेलकट चेहरा, पिंपल्स आणि रोजची टू-व्हीलर

कुठल्या महागड्या सीरमचा रिव्ह्यू वाचायला आला असाल तर सॉरी. हा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या ट्यूबचा आहे, अ‍ॅडापलीन ०.१ टक्का जेल. अ‍ॅडाफेरिन, डेरिव्हा अशा नावांनी मिळतं, आतलं औषध एकच. माझी स्किन म्हणाल तर सकाळी स्वच्छ तोंड धुवून पुण्यात सिंहगड रोडवरून निघायचं आणि बाणेरला पोचेपर्यंत नाक-कपाळ चकाकायला लागलेलं, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनी पिंपल्स, नाकावर ब्लॅकहेड्स, आणि एखादा पिंपल गेला तरी त्याचा डाग पुढे दोन-तीन महिने मुक्कामाला. अशा स्किनचं रोजचं रूटीन बसवायचं तर माझं मत असं की सगळं या एका ट्यूबभोवती बसवा, बाकीच्या बाटल्यांचं काम फक्त हिला नीट काम करू देणं, बस.

आता हे करतं काय. पोअर्सच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, त्याच्यामागे तेल साठतं, तेलात बॅक्टेरिया वाढतात आणि मग तो लाल ठणकणारा प्रकार उगवतो, साधारण लग्नाच्या आदल्या दिवशी. अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या घराण्यातलं, आणि ते हे बूचच बसू देत नाही. त्यामुळे आलेल्या पिंपलवर टिकलीसारखं लावून काही होत नाही, जिथे जिथे पिंपल्स येतात तो सगळा भाग पातळ लेप देऊन झाकायचा. आणि म्हणूनच याला वेळ लागतो. आठ ते बारा आठवडे. पहिल्या काही आठवड्यांत तर उलट जास्त पिंपल्स दिसू शकतात कारण आत जे तयार होत होतं ते भराभर वर येतं, माझ्या मावसबहिणीनी नेमकं तिथेच सोडून दिलं आणि आता सगळ्यांना सांगते की ते जेल फालतू आहे. अगं ताई, थांब ना जरा!

लावायची पद्धत सविस्तर सांगते कारण ट्यूबच्या खोक्यातल्या माहितीच्या कागदावरची अक्षरं वाचायला भिंग लागतं. रात्री तोंड धुवायचं, टॉवेलनी टिपायचं आणि चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, ओल्या चेहऱ्यावर लावलं की जास्त झोंबतं. मग संपूर्ण चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल. जास्त लावून लवकर फरक पडत नाही, फक्त सालं निघतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या बाजूची जागा सोडून द्यायची, तिथली स्किन सगळ्यात आधी सोलवटते आणि मग लिंबू सरबत प्यायलं तरी ओठांच्या कोपऱ्यात चुरचुरतं. सुरुवात एक दिवसाआड, चेहऱ्याला सवय झाली की रोज. स्किन फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून त्याच्यावर जेल लावलं तरी चालतं. प्रेग्नंट असाल किंवा प्लॅन करत असाल तर हे लावायचं नाही, यात चर्चा नाही.

अमेरिकेत २०१६ पासून हे ०.१ टक्क्याचं जेल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, पण आपण एकदा तरी स्किनच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं असं मी म्हणेन. पुण्याच्या सरकारी ससून हॉस्पिटलला त्वचाविकाराची ओपीडी आहे, प्रायव्हेटची फी जड वाटत असेल तर तिकडे जा, रांगेची तयारी ठेवून. डॉक्टरांकडे जाच म्हणायचं कारण म्हणजे आपल्याकडे पिंपल्सवर ‘गोरं करणारं’ मिक्स क्रीम हातात ठेवायची जुनी खोड आहे. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, २०१८ पासून असल्या क्रीम्सना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आठवडाभर चेहरा मस्त दिसतो, नंतर बारीक लाल शिरा, आणखी पिंपल्स, आणि थांबवलं की आगडोंब. अ‍ॅडापलीनच्या बाबतीतही नाव नीट वाचा, नावापुढे एखादं अक्षर जास्त असलं की आत क्लिंडामायसिन म्हणजे अँटिबायोटिकही असू शकतं, ते वेगळं प्रकरण आहे.

बरं, आता टू-व्हीलर. पुण्यात स्किनकेअरबद्दल बोलायचं आणि स्कार्फबद्दल बोलायचं नाही म्हणजे कमालच. धूळ आणि ऊन अडतं हे खरंय पण तोच घामट स्कार्फ जबड्यावर तासभर घासत राहतो, वरून हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, आणि घासणं, उष्णता, घाम या तिन्हींनी पिंपल्स वाढतात. माझे सगळ्यात हट्टी पिंपल्स बरोब्बर पट्ट्याच्या रेषेत होते. तुळशीबागेतून पातळ कॉटनचे तीन-चार स्कार्फ आणा आणि वापरला की धुवायला टाका, सिंथेटिक चमकणारे नकोत. हेल्मेटच्या आतलं कापड निघत असेल तर तेही धुवा, वास घेऊन बघा म्हणजे कळेल मी का म्हणतेय ते. ढोल पथकाची प्रॅक्टिस चालू असेल त्या दिवसांत तर घरी आल्या आल्या तोंड धुणं मस्ट.

सनस्क्रीनशिवाय अ‍ॅडापलीन लावू नका, स्किन उन्हाला हळवी होते आणि जुने डाग उन्हानी आणखी गडद होतात. एसपीएफ (सनस्क्रीनवरचा उन्हापासून बचावाचा आकडा) ३० असेल तर ते स्किन भाजणारे यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८, त्यामुळे आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावा, चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून. आपल्या तेलकट लोकांसाठी जेल किंवा एकदम पातळ फ्लुइडवालं घ्यायचं. एका खूप गाजलेल्या सनस्क्रीननी (नाव नाही घेत) घाम आल्यावर डोळ्यांत इतकी आग झाली की कर्वे रोडवर गाडी बाजूला घ्यावी लागली. दुसरं एक लावल्यावर मी कोजागिरीचा चंद्र दिसत होते. तेव्हा आधी छोटा पॅक. आणि लावल्या लावल्या स्कार्फ गुंडाळू नका, दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, नाहीतर सगळं स्कार्फच पिणार.

फेसवॉशवर जास्त लिहिण्यासारखं नाही. सेटाफिलचं ऑइली स्किनवालं क्लेन्झर मला चालतं, दुसरं कुठलंही सौम्य चालेल, दिवसातून दोनदा पुरे. करकरीत कोरडं वाटेपर्यंत घासलं की स्वच्छ झालं हा आपला राष्ट्रीय गैरसमज आहे. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं म्हणून पोअरच्या आत जाऊ शकतं, ब्लॅकहेड्सला चांगलं, पण अ‍ॅडापलीनच्या पहिल्या महिन्यात दोन्ही एकदम नको. बॅक्टेरिया मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्केवालं, लाल पिंपल्सवर खरंच भारी आहे, १० टक्केवाल्याची गरज नसते, तेवढंच काम होतं आणि जळजळ जास्त. फक्त ते रंग उडवतं. आमच्या घरी निळ्या टॉवेलवर नारिंगी ठिपके आहेत आणि आईच्या मते ते फिनाइलचे आहेत, मी तो विषय वाढवत नाही. नायसिनामाइडचं सीरम, मिनिमलिस्ट कंपनीचं १० टक्केवालं, वापरून पाहिलंय, तेल थोडं कमी वाटतं, बजेट असेल तर घ्या, नसलं तरी अडत नाही. मॉइश्चरायझर मात्र हवंच, साधं जेलवालं. ‘माझी स्किन तेलकट आहे मला कशाला’ असं म्हणणारे सगळे दोन आठवड्यांत सोलवटून येतात.

आजीचं म्हणणं, “डाळीचं पीठ नि हळद लाव गं, आम्ही काय लावत होतो?” आजीला पिंपल्स आलेच नव्हते हा त्यातला मुख्य मुद्दा. पीठ चालेल एकवेळ, पण लिंबू आणि टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका. आणि रात्री डोक्यावर खोबरेल थापून त्याच उशीवर झोपणं बंद करा, कपाळावर केसांच्या रेषेत ज्या पुळ्या येतात त्या बऱ्याचदा त्या तेलाच्या असतात. तेल लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर.

एक गोष्ट अ‍ॅडापलीनच्या हातातली नाही. कपाळावर एकसारख्या बारीक पुळ्या आल्या आणि खाजतायत, विशेषतः पावसाळ्यात ओल्या हेल्मेटच्या दिवसांत, तर ते फंगल, म्हणजे बुरशीचं, असू शकतं. त्याचं औषध वेगळं, तेव्हा दाखवून घ्या. खोलवर दुखणाऱ्या गाठी येत असतील किंवा पाळी अनियमित असेल तरी नुसत्या ट्यूबवर बसू नका.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक मार्क कापला तो सुरुवातीच्या सोलण्यासाठी आणि त्या महिन्यात मेकअप नीट बसत नाही त्याच्यासाठी. नवीन ब्लॅकहेड्स जवळपास बंद, जबड्यावरचे कमी, डाग मात्र अजून हळूहळूच जातायत, ते काम सनस्क्रीनचं जास्त. १५ ग्रॅमची ट्यूब बरेच दिवस पुरते. पुढची आणून ठेवलीये, फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत तेवढी विसरू नका.