जुनी थार सीआरडीई टप्प्याटप्प्याने: आधी हब, मग टायर, लिफ्ट सगळ्यात शेवटी

डॅशबोर्डवर फोर-बाय-फोरचा दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतायत, असं महिंद्राच्या जुन्या थार जीपमध्ये धरून चालू नका. तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावरच्या) स्विचवरून लागतो. पुढचे हब, म्हणजे चाक त्याच्या शाफ्टशी जोडणारे भाग, व्हॅक्यूमवर लॉक होतात, आणि ते खरोखर लॉक झाले की नाही याचा त्या दिव्याला पत्ता नसतो. सेकंड-हँड गाडी बघायला जाणारे रंग, गंज, टर्बोचा आवाज, क्लच सगळं तपासतात आणि हब सोडून देतात. एक अख्खा पावसाळा आणि पुढचा कोरडा हंगाम गाडी वापरल्यावर सांगतो, या गाडीचं ऑफ-रोडिंग हबपासून सुरू होतं.

2010 ते 2020 मधली 2.5 लिटरची सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची थार) काय आहे ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच, म्हणून इंजिनाचे आकडे देत बसत नाही. लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे गिअर) आहे, स्वतंत्र चेसिस आहे, मागे पाटे आहेत, आणि तालुक्याच्या गावातला फिटरसुद्धा तिला हात घालू शकतो. नव्या थारच्या किमतीत ही गाडी आणि खालचं सगळं काम होऊनही पैसे उरतात.

हब तपासायला रॅम्प लागत नाही. सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला, आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचला. टू-व्हीलमध्ये (फक्त मागची चाकं ओढत असताना) चाक हाताने फिरवलं तर त्यामागची हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) स्थिर राहिली पाहिजे. मग इंजिन चालू करून फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाका आणि तेच चाक पुन्हा फिरवून बघा. चाक जागचं हललंच नाही तर दोन्ही हब लॉक आहेत. चाक फिरतंय पण शाफ्ट उभी आहे, तर त्याच बाजूचा हब गेलाय. चाकाबरोबर शाफ्टही फिरतेय, तर हा हब ठीक आहे आणि पलीकडचा लागलेला नाही. बघायचं ते बाजूने वाकून. गाडी जॅकवर असताना खाली शिरू नका.

हब लॉक होत नाही म्हटलं की वर्कशॉपवाले थेट दोन्ही बाजूंचे हब असेंब्लीसकट बदलायचं एस्टिमेट हातात ठेवतात. एका ठिकाणी यावरून माझी चांगलीच वादावादी झाली, कारण व्हॅक्यूम गेज लावायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. बहुतेक वेळा दोष रबरी नळीत असतो. दहा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन सांध्यापाशी बारीक चिरतं. हातपंपाचा व्हॅक्यूम गेज नळीच्या हबाकडच्या टोकाला लावा, 15 ते 20 इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम ओढा आणि काटा बघा. मिनिटभरात काटा खाली आला तर नळी किंवा सोलेनॉइड (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह). नळी टिकतेय पण हबाच्या बाजूने गळतंय, तर नकलमधलं (हब ज्यावर बसतो त्या भागातलं) सील. नळीचा खर्च शंभर-दोनशे रुपयांचा असतो, मग असेंब्ली कशाला? आणि ब्रेक बूस्टरही (ब्रेकचं पेडल हलकं करणारा भाग) त्याच व्हॅक्यूम पंपावर चालतो. गळती मोठी असेल तर ब्रेकचं पेडल कडक होतं. म्हणून हे काम ‘ऑफ-रोडला गेलो तर बघू’ म्हणून टाळण्यासारखं नाही.

पावसाळ्याआधी माझं ठाम मत होतं की नवी नळी आणि नवं सील टाकून मूळ व्यवस्थाच ठेवावी. आता ते बदललंय. चाक पाण्यात बुडालेलं असताना सील किंचित जरी गळत असेल तर व्हॅक्यूम बाहेरचं गढूळ पाणी आत खेचतो, आणि ते थेट बेअरिंगच्या ग्रीसमध्ये जातं. ग्रीस राखाडी आणि चिकट होतं, मग बेअरिंग ओरडायला लागतं. त्यामुळे जे नियमित पाण्यात उतरणार असतील त्यांनी मॅन्युअल हब, म्हणजे डायल हाताने फिरवून लॉक करायचे, बसवावेत. बसवताना व्हॅक्यूमच्या नळ्या प्लग लावून नीट बंद करायच्या. नुसत्या दुमडून केबल टाय मारल्या तर बूस्टरचा व्हॅक्यूम गळत राहतो. डायलच्या आत ग्रीसचा पातळ हात पुरे. ग्रीस ठासून भरलं की डायल जड होते आणि अर्धवट लॉक होते. जून ते सप्टेंबर हब लॉक ठेवूनच फिरलात तरी बिघडत नाही; डिझेल किंचित जास्त जातं, एवढंच. टू-व्हीलमध्ये असलात म्हणजे झालं.

दुसरा टप्पा टायर. मूळ 235/70 आर16 चा व्यास साधारण 735 मिमी, 245/75 आर16 चा 774. म्हणजे डिफखालची (डिफ्रन्शियल, दोन चाकांमधला गिअरचा गोळा) जागा या फरकाच्या निम्म्याने, सुमारे 19 मिमी वाढते, आणि पाट्यांना हात न लावता. स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो: काट्यावर 95 असताना गाडी शंभरला असते. 265/75 च्या नादी लागू नका. स्टिअरिंग पूर्ण कापलं की घासतात, आणि क्लच उगाच भाजतो. एमटी (खोल खाचांचे, चिखलाचे टायर) की एटी (सगळ्या रस्त्यांचे) यावर माझं उत्तर एटी. काळ्या मातीत एटीच्या खाचा पटकन भरतात हे खरं, पण ताम्हिणीसारख्या घाटात ओल्या डांबरावर ब्रेक मारताना एमटीचा भरवसा वाटत नाही, आणि त्या चिखलापर्यंत पोचायला शंभर किलोमीटर डांबरच तुडवायचं असतं.

हवा मात्र उतरवाच. चिखलात आणि दगडांवर 18 ते 20 पीएसआय. परत भरायला कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज 15 अँपिअरचा असला तर जेमतेम 180 वॅट मिळतात, मोठा कॉम्प्रेसर तो उडवणारच.

2015 नंतरची गाडी मिळाली तर मागचं लॉकिंग डिफ्रन्शियल हे तिचं सगळ्यात मोठं धन. मागच्या दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला शंभरच्या आसपास फरक पडला की ते आपोआप लॉक होतं, आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात. म्हणून एक चाक हवेत फिरायला लागल्यावर घाबरून पाय काढायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, थोडा जास्त धरायचा. ‘खट्’ असा आवाज आला की गाडी पुढे सरकते. आवाज ऐकून ‘डिफ गेलं’ सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

लिफ्टवर, म्हणजे गाडी उंच करण्यावर, मी फार शब्द खर्च करणार नाही, कारण बहुतेकांना ती लागत नाही. पुढे टॉर्शन बारचे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या दांड्याचे) बोल्ट आवळून गाडी उंच करता येते, फुकटात. पण उंची वाढते तेवढीच चाकाची खाली लोंबण्याची हालचाल कमी होते, म्हणजे खड्ड्यात चाक लवकर हवेत जातं. सीव्ही जॉइंटचा (पुढच्या शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून त्यावरचे रबरी बूट फाटतात. 25 मिमीच्या पुढे जाऊ नका. आधी आणि नंतर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजा, मग अलाइनमेंट करा. मागे लांब शॅकल (पाटा चेसिसला टांगणारी पट्टी) घातलं तर जेवढी लांबी वाढवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते.

बंपर, विंच, लाइट बार सोडून द्या. क्रॅश गार्डविरुद्ध (बंपरवरचे लोखंडी बार) केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना लिहिलेलंच आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल मान्य करत नाही. टायरचं मापही विमा कंपनीला कळवून ठेवा. पंधरा वर्षांनी फिटनेसला गाडी जाते तेव्हा हे सगळं समोर येतं.

त्याऐवजी तो पैसा चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटवर (अडकलेली गाडी ओढायच्या हुकावर) घाला. 10.9 ग्रेडचे बोल्ट, 4.75 टनांची शॅकल (दोरी अडकवायची लोखंडी कडी) आणि नऊ मीटरची कायनेटिक (ताणली जाणारी) दोरी. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) दोरी कधीही अडकवू नका. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो.

आणखी एक काम स्वस्त आहे आणि सगळे विसरतात: डिफचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची भोकं. तापलेलं डिफ थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या, मध्ये झोल राहू देऊ नका. पाण्यातून आल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग थोडा सैल करून पहिले थेंब बघा. पाणी असेल तर तेच आधी येतं. ऑइल दुधी दिसलं तर सर्व्हिसची वाट न बघता त्याच दिवशी बदला.